गुरांचे मीठ चुलीपाशी नको

भगिनींनो, परवा एका वस्तीवर गोठा पाहायला गेलो होतो. गुरांसाठी आणलेल्या पोत्यातले खड्याचे मीठ घरातल्या बाई आमटीत टाकत होत्या. विचारले, तर म्हणाल्या, "पुडीपेक्षा स्वस्त पडतंय, साहेब. मीठ ते मीठच की!"

तसे नाही. माणसांच्या खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला 2006 पासून देशभर बंदी आहे. किलोभर मिठात आपल्या हाती येताना किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन हवे. बचत गटातून पुड्या बांधून विकत असाल, तर तुम्हालाही हाच नियम.

आयोडीन कमी पडले की गलगंड होतो, तो डोळ्यांना दिसतो. पण गरोदरपणी ते फार कमी पडले, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ती पुढे भरून निघत नाही. त्या घरच्या सुनेला चौथा महिना होता, म्हणून मी जरा आवाज चढवूनच बोललो.

पुडीवर 'आयोडीनयुक्त' छापलेले पाहून घ्या. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीच्या धगीपासून आणि ओलीपासून दूर ठेवा. लोणच्यालाही हेच चालते, त्याने ते नासत नाही. पोते मात्र गोठ्यातच राहू द्या.