कट्टा सापडला, पुरवठादार कुठे आहे?

सांगली, मिरज, तासगाव भागात गावठी कट्टा पकडल्याची बातमी अधूनमधून छापून येते. टेबलावर कट्टा, दोन काडतुसे आणि तोंड झाकलेला वीस-बावीस वर्षांचा पोरगा! तपास बहुधा तिथेच थांबतो. कट्टा बनविला कोणी, पोराच्या हाती दिला कोणी, हे जनतेला कळत नाही.

कायदा कमी पडतो म्हणून असे होते काय? मुळीच नाही. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने बंदुकीची मुख्य चौकट म्हणजेच बंदूक मानली. क्रमांक तिच्यावर, बाकीचे बहुतेक भाग मोकळे. त्यामुळे अर्धवट चौकट विकत घेऊन घरीच बिनक्रमांकाची बंदूक जोडण्याचा धंदा तिथे फोफावला. २०२२ मध्ये नियम कडक करावे लागले आणि २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले.

आपल्या शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ही पळवाट नाही. कलम २ च्या व्याख्येतच अग्निशस्त्राचे भाग आणि ते बनविण्याची यंत्रे येतात. सुटी नळीसुद्धा कायद्याच्या लेखी अग्निशस्त्रच. कलम ८ प्रमाणे क्रमांक खोडणे आणि बिनक्रमांकाचे शस्त्र विकणे, दोन्हीला बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा शस्त्रांच्या तस्करीला दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली.

पण याच कलम ८ मध्ये आणखी एक तरतूद आहे. बिनक्रमांकाचे शस्त्र ज्याच्याजवळ सापडेल, त्यानेच क्रमांक खोडला असे न्यायालय गृहीत धरते. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर! गावठी कट्ट्यावर मुळात क्रमांकच नसतो. म्हणजे शेवटच्या हातावर सगळा बोजा, आणि पहिला हात मोकळा. हा शेवटचा हात बहुतेक वेळा वस्तीतल्या बेकार पोराचा असतो, ज्याला वकील करण्याचीही ऐपत नसते.

क्रमांक नसला तरी शस्त्र मुके नसते. पिस्तुलाच्या नळीतील आटे गोळीवर आणि घोड्याची सुई काडतुसाच्या बुडावर खूण सोडते. म्हणूनच मारेकरी सुट्या भागांनाही भितात. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. पिस्तुले सुटी करून ठाण्याजवळच्या खाडीत टाकली, असे सीबीआयचे म्हणणे होते. त्यासाठी पाणबुडे उतरवून खाडीचा तळ धुंडाळावा लागला. १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. खून कोणी करविला, हा प्रश्न आजही उभा आहे.

मग करायचे काय? विनापरवाना शस्त्राचा खटला कलम ३९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय उभा राहत नाही. सही करण्यापूर्वी त्यांनी पोलिसांना एकच प्रश्न विचारावा : हे शस्त्र आले कुठून? प्रत्येक कट्टा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे. ॲट्रॉसिटी नियम, १९९५ मधील नियम ३ अत्याचारप्रवण गावांत सवर्णांचे शस्त्रपरवाने रद्द करण्याचा, बेकायदा शस्त्रे जप्त करण्याचा आणि गरज पडल्यास दलित-आदिवासींना परवाने देण्याचा अधिकार प्रशासनाला देतो. हा नियम किती वेळा वापरला, याचा हिशेब जिल्हा दक्षता समितीच्या प्रत्येक बैठकीत मागितला पाहिजे.

आणि वस्तीतल्या तरुणांना आमचे सांगणे आहे. वाळूच्या ठेक्यासाठी, सावकाराच्या वसुलीसाठी कोणी कट्टा सांभाळायला दिला, तर समजून घ्या : शस्त्र त्याचे, पण तुरुंग तुमचा. बाबासाहेबांनी आपल्या हाती संविधान दिले. ते खाली ठेवून दुसऱ्याचा कट्टा उचलू नका.