मनाचा आजार आणि रक्ताचा अहवाल

महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरातील एखाद्या वाडीतून मनोरुग्णाला घेऊन निघालेले कुटुंब येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पोहोचते, तेव्हा शंभराहून अधिक किलोमीटर मागे पडलेले असतात. पुष्कळदा देवऋष्याकडे घालविलेली काही वर्षेही. डॉक्टर बोलतात, प्रश्न विचारतात, औषध लिहून देतात. नातेवाइकांचा प्रश्न मात्र एकच असतो, ‘‘रिपोर्टात काय निघाले?’’ प्रश्न रास्त आहे. मधुमेहाला साखर मोजता येते. छिन्नमनस्कतेला काय मोजायचे?

आजही याला उत्तर नाही. छिन्नमनस्कता किंवा नैराश्य निश्चित ठरविणारी रक्तचाचणी वा मेंदूची प्रतिमा अद्याप हाती आलेली नाही. १९८१ मध्ये बर्नार्ड कॅरोल यांनी रक्तातील कॉर्टिसोलवरून तीव्र नैराश्य ओळखण्याची चाचणी पुढे आणली. परंतु स्मृतिभ्रंशात, मद्यपींत आणि वजन घटलेल्यांतही तोच निष्कर्ष येऊ लागला व ती मागे पडली.

म्हणून हा आजार शरीराचा नव्हेच, असे म्हणणाऱ्यांनी सर्पगंधेचा इतिहास पाहावा. वेडावरील औषध म्हणून आपल्याकडे परंपरेने वापरली जाणारी ही वनस्पती. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचे उन्माद व रक्तदाबावरील गुण शास्त्रीय नियतकालिकात मांडले. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील पद्धतशीर नोंदी प्रसिद्ध केल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीने तिच्यातून रेसरपिन वेगळे काढले. ते दिलेले प्राणी निश्चल होतात आणि एल-डोपा देताच पुन्हा हालचाल करू लागतात, हे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखविले. मेंदूतील डोपामिनचे कार्य त्यातून उलगडले आणि त्यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. मुळी आपली, मान परक्यांचा, ही खंत वाटणे स्वाभाविक आहे; पण प्रयोगशाळा त्यांनी उभारल्या होत्या, हेही खरे.

तेव्हा तपासण्या नकोत असे नाही. थायरॉईडची मंदता नैराश्यासारखीच भासते. शाकाहारी घरांत आढळणारी बी-१२ ची कमतरता बुद्धी व मनःस्थिती दोन्ही बिघडवू शकते. या तपासण्या अवश्य कराव्यात. मात्र त्या निर्दोष आल्या म्हणून ‘मुलगा ढोंग करतो’, ‘सुनेला काम नको’ असा निवाडा घरात होतो, तो अन्यायच आहे. डॉक्टरांना अहवालाइतकीच घरच्यांची टिपणे हवी असतात : झोप कोणत्या महिन्यात उडाली, बोलणे कधी तुटले, कानात आवाज येतात असे तो प्रथम कुणाला म्हणाला.