विलंबाची किंमत कोण मोजतो?

मोठा प्रकल्प जाहीर होताना दोन आकडे हमखास सांगितले जातात : एकूण खर्च आणि पूर्ततेची मुदत. पुढे दोन्ही आकडे फुगत जातात आणि भूसंपादन, वन खात्याची परवानगी, निधीची टंचाई ही नेहमीची कारणे पुढे केली जातात. ही कारणे खोटी नाहीत. मात्र, तेवढ्याने रखडपट्टीचा उलगडा होत नाही. दोन वर्षांच्या अंतराने सुरू झालेले गोसीखुर्द धरण आणि कोकण रेल्वे हे दोन प्रकल्प शेजारी ठेवले, तर हे स्पष्ट होते.

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरील गोसीखुर्दचे भूमिपूजन एप्रिल १९८८मध्ये तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे उद्दिष्ट होते. २००९मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. २०१६च्या सुधारित अंदाजात खर्च १८ हजार कोटींच्या पुढे गेला, तेव्हाही काम अपुरेच होते. महागाई हे या वाढीचे एक कारण आहे. पण खर्च जवळपास पन्नास पट होण्यास केवळ महागाई पुरेशी नाही.

भिंत आधी, पाणी नंतर

खरी अडचण कामाच्या क्रमात होती. धरणाची भिंत उभी राहिली, परंतु कालवे आणि वितरिका मागे पडल्या. पुनर्वसनही लांबले. शेतापर्यंत पाणी पोहोचेपर्यंत भिंतीवरील खर्चाचा शेतकऱ्याला उपयोग नसतो. शिवाय, मुदत हुकली की सुधारित प्रशासकीय मान्यता अर्थात 'सुप्रमा' घेण्याची सोय असते. त्यामुळे मूळ अंदाज हे बंधन न राहता केवळ सुरुवातीचा आकडा ठरतो.

कोकण रेल्वेसमोरचे अडथळे लहान नव्हते. सह्याद्रीचे कडे, खाड्या, ९१ बोगदे, चाळीस हजारांवर जमीनमालक आणि गोव्यातील मार्गाला झालेला विरोध, हे सारे तिच्याही वाट्याला आले. जुलै १९९०मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाने ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली मार्गाचे सात विभाग पाडले आणि प्रत्येकाची जबाबदारी एका मुख्य अभियंत्यावर सोपवली. महाराष्ट्रातील भूसंपादन वर्षभरात आटोपले. रेल्वे मंत्रालयासह महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही राज्ये भागधारक होती. उरलेला पैसा रोख्यांतून उभा राहिला.

कोकण रेल्वेही पाच वर्षांची मुदत पाळू शकली नाही. खर्च वाढला, मऊ मातीतील बोगद्यांनी, विशेषतः पेडण्याच्या बोगद्याने, वेळ खाल्ला आणि या कामात मजुरांचे बळीही गेले. तरी जानेवारी १९९८मध्ये, साडेसात वर्षांत, संपूर्ण मार्ग सुरू झाला.

जबाबदारीचा प्रश्न

रेल्वेमार्ग आणि सिंचन प्रकल्प यांची तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, हे मान्य करावे लागेल. बुडिताखालील गावे हलवणे हे रुळांसाठी पट्टा मिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड. तरीही एक फरक निर्णायक आहे. रोख्यांवर व्याज भरणाऱ्या महामंडळाला विलंबाचा प्रत्येक महिना महाग पडत होता आणि निर्णयाचे अधिकारही त्याच्याच हाती होते. गोसीखुर्दमध्ये विलंबाची किंमत मोजली ती पाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याने आणि घर सोडून मोबदल्यासाठी खेटे घालणाऱ्या विस्थापिताने. निर्णय मात्र त्यांच्या हाती नव्हता.

आढावा बैठका आणि प्रगती अहवाल यांची राज्यात उणीव नाही. मात्र, जमीन ताब्यात येण्याआधी आणि कालव्यांचा आराखडा पक्का होण्याआधी भूमिपूजन उरकण्याची घाई सुटत नाही आणि 'सुप्रमा' मागणाऱ्याला जाब विचारला जात नाही, तोवर या बैठका विलंबाची नोंद करतील. तो रोखणार नाहीत.