व्हिडिओ थांबवल्यानंतरचा अभ्यास

प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून देणारे स्वगती अभ्यासक्रम, म्हणजे ज्यांना वर्गाचे वेळापत्रक नसते आणि ज्यांत विद्यार्थी आपापल्या सवडीने एकेक पाठ पुरा करतो असे अभ्यासक्रम, पुण्यातील संगणक-शिक्षकांना आता नवे राहिलेले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘स्वयम्’ या राष्ट्रीय मंचावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांचे श्रेयांक 2016 साली 20 टक्क्यांपर्यंत आणि 2021 साली 40 टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरण्याची मुभा दिल्यापासून ऑनलाइन शिक्षण हा केवळ हौसेचा मामला उरलेला नाही. मात्र नावनोंदणी आणि पूर्तता यांतील दरी मोठी आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या अभ्यासक्रमांच्या नोंदींचे जे विश्लेषण 2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्यानुसार 2017-18 या वर्षी नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम तीन टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. याचे खापर विद्यार्थ्याच्या चिकाटीवर फोडणे सोपे आहे; पण गती विद्यार्थ्याच्या हाती सोपवताना कोठे थांबावे आणि थांबल्यावर काय करावे हे त्याला कोणी शिकवले होते काय, हा प्रश्न त्याआधी विचारला पाहिजे.

या प्रश्नाचे एक उत्तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाच्या रचनेतच आहे. मराठी निवेदनासह उपलब्ध असलेले त्याचे सुमारे दहा मिनिटांचे पाठ पडद्याच्या एका बाजूला आणि प्रत्यक्ष सॉफ्टवेअर दुसऱ्या बाजूला उघडून, पाठ वारंवार थांबवत, दाखवलेली प्रत्येक कृती स्वतः करून पाहावी अशी त्यामागची पद्धत आहे. पाठ सलग पाहिल्याने सारे समजल्याचा जो भास होतो, तो स्वतः कोड टाइप करताना पहिल्या पाच-सात ओळींतच विरून जातो, आणि खरे शिकणे तेथूनच सुरू होते.

मात्र नुसते टाइप करणेही पुरेसे नाही. दोन संख्या विचारून त्यांची बेरीज छापणारा चार ओळींचा पायथॉन प्रोग्रॅम घेतला आणि त्याला 10 व 20 या संख्या दिल्या, तर आजच्या पायथॉन 3 मध्ये उत्तर 30 न येता 1020 असे येते; कारण ‘इनपुट’ हे फंक्शन कीबोर्डवरून आलेला मजकूर ‘स्ट्रिंग’ म्हणून, म्हणजे अक्षरांची माळ म्हणून देते आणि दोन स्ट्रिंगांमधले अधिक चिन्ह त्यांना एकमेकींना जोडते. हाच प्रोग्रॅम पायथॉन 2 मध्ये 30 हे उत्तर देत असे. त्या आवृत्तीचा आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला असला, तरी तिच्यावर बेतलेले जुने पाठ अजूनही पाहिले जातात. पाठात 30 आणि स्वतःच्या पडद्यावर 1020 दिसल्यावर गोंधळलेला नवशिका एक तर पाठ सोडून देतो किंवा कोठून तरी तयार कोड उचलतो. वस्तुतः त्या क्षणी त्याच्या हाती संपूर्ण अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचा धडा आलेला असतो.

संगणक-शिक्षणाच्या संशोधनात बेनेडिक्ट ड्यू बूले यांनी मांडलेली ‘कल्पित यंत्रा’ची संकल्पना येथे उपयोगी पडते. कोडची प्रत्येक ओळ चालताना संगणकाच्या आत काय घडते याचे जे चित्र विद्यार्थ्याच्या मनात असते, ते यंत्राच्या प्रत्यक्ष वागण्याशी जुळवत नेणे हे प्रारंभिक प्रोग्रॅमिंगचे मुख्य काम होय. म्हणून ‘रन’ करण्यापूर्वी उत्तराचा अंदाज कागदावर लिहिणे, अंदाज चुकल्यास प्रत्येक व्हेरिएबलमध्ये त्या त्या टप्प्यावर कोणती किंमत आहे याचा तक्ता मांडणे, एररचा संदेश शेवटच्या ओळीपासून वाचणे आणि चालू झालेल्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम एक बदल करून पाहणे, एवढी शिस्त पाळणारा विद्यार्थी मंद गतीने गेला तरी मागे पडत नाही.

ही शिस्त एकट्याने लागणे अवघड असते, हे पुण्याला ठाऊक असायला हवे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने 2001 पासून चालवलेला एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम ई-लर्निंगवर आधारलेला असूनही गावोगावच्या केंद्रांतून चालला. तेथे पाठ संगणकावर होता, पण बॅचची वेळ ठरलेली होती आणि अडल्यास विचारायला माणूस हजर होता. महाविद्यालयांनीही स्वगती अभ्यासक्रमाला आठवड्यातील एका प्रॅक्टिकलची जोड द्यावी. त्या तासाला नवा पाठ दाखवू नये, तर आठवडाभरात अडलेलेच सोडवावे.

त्याचबरोबर प्रॅक्टिकलच्या जर्नलाचे रूपही बदलले पाहिजे. चालणारा कोड आणि त्याचे आउटपुट उतरवून त्याखाली सही मिळवण्याची प्रथा विद्यार्थ्याची धडपड दडवते. त्याऐवजी आधीचा अंदाज, आलेला एरर आणि त्याचे कारण या तीन नोंदी जर्नलात असाव्यात. व्हायवात परीक्षकाने विद्यार्थ्याच्याच कोडमधील एक ओळ बदलून आता काय छापले जाईल असे विचारावे आणि प्रमाणपत्र हाती असले तरी गुण त्या उत्तरावरच द्यावेत.