बंदराची कडी कोणाच्या हाती?



पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे नवे बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्चाचा आकडा ७६,२०० कोटी रुपये. समुद्रात भराव टाकून १,४४८ हेक्टर जमीन तयार करायची आहे. पाणी वीस मीटर खोल, त्यामुळे जगातली मोठ्यात मोठी जहाजे थेट धक्क्याला लागतील, असे सांगतात.

पऱ्हाटीत उभ्या असलेल्या माणसाला वाटेल, समुद्र कुठे आणि आपण कुठे! पण आपल्या कापसाचा भाव जितका मोंढ्यात ठरतो, तितकाच बंदरावर ठरतो. बंदर म्हणजे देशाचे दार. दार केवढे मोठे, हे सरकार सांगते. त्या दाराची कडी कोणाच्या हाती, हे मात्र कोणी सांगत नाही.

मुंबई बंदर कोणाच्या जिवावर मोठे झाले? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मग वऱ्हाड-खानदेशच्या कापसाकडे साहेबाची नजर वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली, ती कापूस ओढायला. १८७५ साली ससून डॉक, १८८० साली प्रिन्सेस डॉक. मुंबईत कॉटन ग्रीन नावाचे स्टेशन आजही आहे. नाव आमच्या कापसाचे, पैसा दुसऱ्याचा.

गोरा गेला, पण कडी तशीच राहिली. फक्त हात बदलला. १९५६ साली अमेरिकेशी पीएल-४८० करार झाला आणि याच दारातून परदेशी गहू आत आला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळाली, ती खाल्लेली माणसे अजून गावात आहेत. परदेशी धान्याला दार उघडे, आणि त्याच १९७२ साली महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. आमच्या कापसाला समुद्र दूरच, राज्याची हद्द ओलांडायलाही बंदी!

पुढे खुलीकरण आले. वाटले, कडी निघाली. १९ एप्रिल २०१० रोजी कापसाची निर्यात थांबवली. ५ मार्च २०१२ रोजी पुन्हा बंदी घातली. त्या वेळी केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी जाहीर सांगितले की आपल्याला विचारलेलेच नाही. कृषिमंत्र्याला जिथे कोणी विचारत नाही, तिथे कोरडवाहू शेतकऱ्याला कोण विचारणार?

बंदी आली की काय होते, ते नीट समजून घेऊ. साधारण पाच क्विंटल कापसाची १७० किलोची एक गाठ होते. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण दीडशे गाठी बसतात. एकरी पाच क्विंटल धरले तरी दीडशे एकरांची वेचणी एका डब्यात! दिल्लीत संध्याकाळी कागद निघतो. डबा बंदरावर अडतो, त्याचे भाडे रोज चढते. निर्यातदार जिनवाल्याला थांब म्हणतो. जिनवाला खरेदी बंद करतो. दुसऱ्या दिवशी मोंढ्यात बोली पडते. नुकसान निर्यातदाराच्या वहीत सुरू होते आणि आमच्या घरात येऊन संपते. आम्ही ते पुढे कोणावर ढकलणार?

आता दाराची दुसरी बाजू पाहा. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ रोजी काढले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेने आपल्या मालावर कर वाढवला म्हणून कापड उद्योगाला आधार हवा, हे कारण. आधार जरूर द्या, तिजोरीतून द्या. आमच्या वेचणीतून का देता? पेरणी झाली जूनमध्ये, तेव्हा नियम एक. बोंडे फुटली, तेव्हा नियम दुसरा. हमीभाव ७,७१० आणि ८,११० जाहीर करायचा आणि ऐन वेचणीत बाहेरच्या गाठींना दार सताड उघडायचे!

ज्यांची जमीन बंदराखाली जाते, तेही आपलेच भाऊ. न्हावा-शेवा बंदर आणि नवी मुंबईसाठी उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. रास्त मोबदला मागितला म्हणून जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. बंदर १९८९ साली सुरू झाले. बंदरबाधितांच्या हाती साडेबारा टक्के जमिनीचे कागद पडायला २०१४ साल उजाडले. वाढवणला डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदर नाकारले आणि २०२३ मध्ये तेच प्राधिकरण हो म्हणाले. तिथले मच्छीमार विचारतात, समुद्रच आमचे शेत, त्याचा सातबारा कोण देणार? त्यांच्या या प्रश्नाला उत्तर मिळालेच पाहिजे.

आम्ही बंदराच्या विरोधात नाही. दार हवेच. ज्याचा माल जगात विकायचा आहे, त्याला दाराचे वावडे कसे असेल? पण दारावर पहारेकरी बसवून आमच्या मालाला अडवायचे असेल, तर ७६ हजार कोटींचे दारही आमच्यासाठी भिंतच आहे.

म्हणून जिल्हा बैठकीत हे ठराव मांडत आहोत :

१) पेरणीआधी आयात-निर्यातीचा जो नियम, तोच शेवटच्या वेचणीपर्यंत. मध्येच बदलला, तर भावातला फरक सरकारने भरून द्यावा.

२) शेतमालावर निर्यातबंदी नको, कापूस असो, कांदा असो की ज्वारी.

३) बंदरासाठी जमीन किंवा समुद्र घ्यायचा असेल, तर आधी हिशेब चुकता, मग भराव.

४) वर्धा आणि जालना येथील कोरड्या बंदरांतून शेतकऱ्यांच्या कंपन्यांना आपल्या गाठी थेट पाठवता याव्यात.

गावात हे वाचून दाखवा. गेल्या हंगामात कापूस कोणत्या तारखेला, काय भावाने विकला, ते पावत्यांवरून लिहून आणा. शुल्क काढल्याची तारीख आणि आपल्या पावतीची तारीख शेजारी-शेजारी ठेवू. मग कडी कोणाच्या हाती आहे, हे कोणाला वेगळे सांगावे लागणार नाही.