वसईचा सेनापती आणि ठाण्याची खाडी

कांजूरमार्ग स्थानकाच्या पूर्वेला मिठागरे ओलांडली की तिवरांची दाट रांग लागते आणि तिच्यापलीकडे ठाण्याची खाडी पसरलेली दिसते. भरतीला जेथे होड्या चालतात, तेथेच ओहोटीला माणूस रुतेल असा चिखल उघडा पडतो. लोकलमधून रोज जाणाऱ्या चाकरमान्याच्या लेखी ही केवळ खारट वाऱ्याची जागा आहे. वस्तुतः तो ज्या भूमीवरून जातो, ते साष्टी बेट १५३४ पासून दोन शतके पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होते आणि ते सोडविण्याचा पहिला निर्णायक घाव येथून उत्तरेस थोड्याच अंतरावर, याच खाडीच्या काठी बसला.

चिमाजी अप्पांचे नाव मराठी घरांत आजही आदराने घेतले जाते. परंतु त्यांच्या वसई मोहिमेतले आपल्याला आठवते ते बहुधा एकच: किल्ला पडत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन आत टाका, असे त्यांनी सरदारांना बजावल्याची कथा. कथा रोमहर्षक आहे यात शंका नाही. तथापि ती सांगता सांगता आपण एका विलक्षण सेनापतीला नुसता संतापी वीर करून टाकले आहे.

मोहिमेचा आरंभच पाहावा. पोर्तुगीज अंमलातील धार्मिक जुलमाने गांजलेल्या प्रजेची गाऱ्हाणी अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक पुढाऱ्यांनी पेशव्यांपर्यंत नेली. ही माणसे केवळ फिर्यादी नव्हती. वाटा आणि उतार यांची माहिती त्यांच्यापाशी होती. ठाण्याचा नवा किल्ला पोर्तुगीज बांधत होते आणि तो अद्याप अपुरा होता. तट पुरा होण्याची वाट न पाहता मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी खाडी ओलांडून तो घेतला. ठाणे गेले आणि साष्टीचे दार उघडले. खाडीच्या ज्या पाण्यावर पोर्तुगीज विसंबून होते, तेच त्यांच्या वसईला एकाकी पाडू लागले.

त्याच वर्षी वसईवर घातलेले हल्ले मात्र फसले. शिड्या लावून तट चढण्याचे प्रयत्न तोफांनी आणि बंदुकांनी उधळले, आणि पावसाळा आला. आपल्या व्याख्यानांतून हे अपयश सहसा गाळले जाते. गाळू नये, कारण सेनापतीची पारख तेथेच होते. १७३८ च्या अखेरीस अप्पा पुन्हा कोकणात उतरले ते वसईवर धावून जाण्यासाठी नाही. जानेवारी १७३९ मध्ये आधी उत्तरेकडील माहीम, तारापूर ही ठाणी घेण्यात आली. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा पडला, तरी क्रम मोडला नाही. त्याच सुमारास व्यंकटराव घोरपड्यांच्या फौजेने गोव्यावर दाब आणला होता. मदत जेथून यायची, तेथेच शत्रूला गुंतवून ठेवले गेले.

फेब्रुवारीत अप्पा वसईपुढे आले तेव्हा काळही त्यांच्याविरुद्ध होता. मार्चमध्ये नादिरशहा दिल्लीत शिरला. उत्तरेकडे फौज हवी होती, आणि पावसाळा तर ठरल्या दिवशी येणारच होता. वसईच्या बहुतेक बाजूंना समुद्र, खाडी व दलदल. जमिनीवरून जाण्यासारखी बाजू उत्तरेची, आणि तिचाच बंदोबस्त सर्वांत कडक. तेथे माऱ्याखाली मोर्चे पुढे सरकवून बुरुजांखाली सुरुंग खणण्यात आले. मे महिन्यात सुरुंगांना बत्ती दिली. एक उशिरा उडाला आणि खिंडारात शिरलेली आपलीच माणसे त्याखाली गाडली गेली. एवढा आघात सोसूनही सैन्य दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खिंडाराकडे गेले. हे केवळ धाकाने होत नाही. मागे उभा असलेला सेनापती आपल्याला उगाच मारवणार नाही, असा भरवसा असावा लागतो.

१६ मे रोजी तहाची कलमे ठरली, २३ मे रोजी किल्ला ताब्यात आला. शत्रूला शस्त्रांसह, कुटुंबकबिल्यासह सन्मानाने जाऊ दिले गेले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला तिचा धर्म पाळण्याची मुभा मिळाली. ज्या जुलमाविरुद्ध शस्त्र उचलले, त्याची नक्कल विजयानंतर केली नाही, हेही या नेतृत्वाचेच अंग मानले पाहिजे. त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांतच, डिसेंबर १७४० मध्ये, अप्पा गेले.

स्कॉटलंडमध्ये १३१४ साली रॉबर्ट ब्रूसने बॅनकबर्न येथे आपल्याहून कितीतरी मोठ्या इंग्रज सैन्याचा पराभव केला. त्यानेही जमीनच हत्यार केली होती: ओढा आणि दलदल यांच्या कोंडीत इंग्रजांचे घोडदळ अडकले आणि भालाइतांच्या दाट फळ्यांनी ते मागे रेटले. त्या लढाईला सातशे वर्षे होत असता, २०१४ मध्ये, तेथे नवे प्रदर्शन-केंद्र उभे राहिले. शाळेतली मुले तेथे जाऊन कोणती तुकडी कोठे उभी होती, ती का हलवली, हे पाहतात. स्कॉटिश माणूस आपल्या वीराला नुसता हार घालून थांबत नाही.

आपल्याकडे वसईत अप्पांचे स्मारक आहे, जयंती-पुण्यतिथीला भाषणे होतात. ज्या ठाण्यापासून मोहीम सुरू झाली, त्या किल्ल्यात मात्र आज मध्यवर्ती कारागृह आहे. त्याच्या तटापाशी थांबून मुलाला काही सांगावे, असे फारच थोड्या पालकांना सुचते. कारागृह हलवावे की नाही हा सरकारचा प्रश्न झाला. पण कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडच्या शाळांना खाडीचा एक नकाशा भिंतीवर लावायला, त्यावर १७३७ आणि १७३९ च्या हालचाली रेखायला कोणाची अनुमती लागते? भरती-ओहोटीचे कोष्टक हाताशी धरून एखाद्या रविवारी मुलांना ठाण्याच्या खाडीकाठी नेता येईल. ओहोटीचा चिखल पाहिल्यावर, ही खाडी ओलांडायची वेळ कोणी आणि कशी निवडली असेल, हा प्रश्न त्यांना आपणहून पडेल.