व्हिडिओ कॉलवर गांजाचे ‘मेडिकल कार्ड’ निघते का? कर्जत-खालापूरच्या रुग्णांसाठी खरा प्रश्न वेगळाच

अमेरिकेतील काही राज्यांत औषधी गांजाच्या मंजुरीचे नूतनीकरण डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर बोलून होते. फ्लोरिडात १ जुलै २०२३ पासून ही सोय आहे. पहिली तपासणी मात्र प्रत्यक्षच करावी लागते. असे कार्ड आपल्याकडे निघते का? उत्तर सरळ आहे : नाही. मात्र, ऑनलाइन चिठ्ठीच्या ज्या नियमामुळे हा रस्ता बंद आहे, त्याच नियमाने कॅन्सरच्या वेदनांवरचे मॉर्फिनही अडते.

कायदा काय सांगतो?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात वैद्यकीय आणि शास्त्रीय वापराला वाव आहे, पण परवाना आणि नियमांच्या चौकटीत. रुग्णाला गांजा बाळगण्याचे कार्ड देण्याची व्यवस्था देशात नाही. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ मानला जातो, तरी त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परदेशातील कार्ड इथे चालत नाही.

मग ‘विजया’ काय आहे?

विजया म्हणजे आयुर्वेदातील भांग. एनडीपीएस कायद्यातील गांजाच्या व्याख्येत नुसती पाने येत नाहीत. त्यामुळे पानांपासून केलेली परवानाधारक आयुर्वेदिक औषधे बाजारात आहेत. औषध नियमांच्या ‘ई-१’ यादीत भांग असल्याने ती वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. वैद्यांची चिठ्ठी म्हणजे गांजाचा परवाना नव्हे. महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचेही नियंत्रण आहे.

ऑनलाइन डॉक्टर काय देऊ शकत नाहीत?

केंद्राने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसीनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार एनडीपीएस कायद्याखालील औषधे ऑनलाइन चिठ्ठीवर देता येत नाहीत. मॉर्फिन त्यातच मोडते. ई-संजीवनीवर सल्ला मिळेल, मॉर्फिनची चिठ्ठी नाही.

फटका कोणाला?

२०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिनचे नियम सुटसुटीत झाले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांतून ते देण्याची सोय झाली. पण चिठ्ठीसाठी रुग्णाला प्रत्यक्ष जावे लागते. कर्जतहून परळच्या टाटा रुग्णालयात जायचे तर लोकलचा सुमारे दोन तासांचा प्रवास. खोपोली किंवा खालापूरच्या गावातून निघणाऱ्याला त्याहून जास्त वेळ लागतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी गाडीच करावी लागते.

रुग्णांनी काय करावे?

- मॉर्फिन संपण्याच्या आठवडाभर आधी पुढची तारीख ठरवा. औषध अचानक बंद करू नका.
- जवळ कोणत्या संस्थेत मॉर्फिन मिळते, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.
- ऑनलाइन चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहा.
- ‘गांजा कार्ड’च्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

पुढे काय?

गैरवापर रोखणे हा या बंदीचा हेतू आहे आणि तो चुकीचा नाही. पण पहिली तपासणी समोरासमोर आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी ऑनलाइन फेरतपासणी, ही पद्धत आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत इतर औषधांसाठी आहेच. ओळखीच्या कॅन्सर रुग्णाच्या मॉर्फिनलाही ती लागू करायची का, याचा निर्णय केंद्राच्या हातात आहे. तोवर कर्जत-खालापूरच्या रुग्णाला दर चिठ्ठीसाठी प्रवास अटळ आहे.